घंटीकाकूंच्या भुवया

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत जायचं तर आधी नाकाची समजूत घालावी लागे. रबराचा वास जिन्यातच गाठायचा आणि वर पोचेपर्यंत कपड्यांत मुरायचा. खोली दुकानदाराची होती. गंजलेले रिम आणि जुन्या जाहिरातींचे गुंडाळलेले फलक एका भिंतीला सारले की उरलेल्या जागेत घडीच्या लोखंडी खुर्च्यांची एक ओळ मावायची, समोर एक टेबल, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्याशेजारी घंटी. लॉजच्या काउंटरवर असते तसली, वरून टपली मारली की टिंग करणारी. त्या घंटीवर उजवा हात ठेवून बसायच्या त्या घंटीकाकू. खरं नाव काय म्हणून विचारलं असतं तर मुलांच्या आयाही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या असत्या.

घंटी खरोखरच लॉजची होती. काकूंनी अर्धं आयुष्य एका लॉजच्या काउंटरवर काढलं. लॉज बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी चादरी नेल्या, बादल्या नेल्या, एकाने तर पंखा उतरवून नेला. काकूंनी घंटी आणली. नवरा घड्याळजी. भिंग डोळ्यावरून कपाळावर चढवून तो म्हणाला होता, "छान. आता गिऱ्हाईक मी का तू?"

स्पेलिंगचं खूळ त्यांच्या मुलापायी लागलं. त्याला शाळा मानवेना, म्हणून काकूंनी त्याला घरीच शिकवलं. मग त्याला सोबत हवी म्हणून घरीच शिकणारी आणखी मुलं शोधली. शोधली खरी, पण घरी शिकवणारे पालक म्हणजे एकेक स्वतंत्र संस्थान. एकाला परीक्षा नको, दुसऱ्याला खेळ नको, तिसऱ्याला पुस्तकच नको, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा मुलाचं वाटोळं करतोय. गणितावर भांडले, इतिहासावर तर हमरीतुमरीवर आले. स्पेलिंगवर मात्र कोणाला भांडता येईना. शब्द बरोबर नाहीतर चूक. काकूंनी तो धागा पकडला आणि दर शनिवारी सराव, मग छोटी स्पर्धा, मग मोठ्या स्पर्धेला मुलं पाठवणं, असं सगळं एकटीच्या अंगावर घेतलं. मुलगा मोठा झाला, परदेशी गेला, त्याचा फोनही आता आठवण आली तर येतो. शनिवार तेवढा राहिला.

पद्धत सगळी काकूंची. पुठ्ठ्याचे क्रमांक सुतळीत ओवून गळ्यात घालायचे. डब्यातून चिठ्ठी निघाली की काकू शब्द म्हणणार, मुलानं तो परत म्हणायचा, हवं तर अर्थ विचारायचा, मग एकेक अक्षर, शेवटी पुन्हा शब्द. तोंडातून गेलेलं अक्षर मागे घ्यायचं नाही. चुकलं की टिंग. मध्येच खाली दुकानातला कॉम्प्रेसर सुटला तर सगळ्यांनी गप्प बसायचं, तो दमला की पुढे. आणि आईबापांनी मागच्या भिंतीला टेकून बसायचं, ताठ, हात घडी घालून. हा शेवटचा नियम एका वडिलांमुळे आला. परीक्षाच नकोत म्हणणारे हेच गृहस्थ, पण पोरगा उभा राहिला की मांडीवर बोटं उघडमीट करून त्याला काहीबाही सुचवायचे. काकूंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "साहेब, बोटांना इतकी हौस असेल तर खाली टायरला ठिगळं लावा. इथे मुलं उभी आहेत." बापलेक उठून गेले ते परत आले नाहीत. एक कुटुंब कमी झालं, पण काकूंना त्याचं काही वाटलं नाही. लबाडी त्यांना खपायची नाही.

त्या खोलीत वेणी आली.

हे नाव तिला काकूंनीच दिलं, कारण पोरगी आली तीच वेणीचं टोक तोंडात धरून. शाळेत ती वर्षभर कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. मुकी नव्हती, घरी बोलायची. शाळेच्या दारातून आत गेली की कुलूप. शिक्षिका समजावून थकल्या, डॉक्टर झाले, शेवटी आईनं तिला घरी ठेवलं. आई घरी बसून टायपिंगची कामं करायची आणि कामाच्या मधून पोरीला शिकवायची. वडील दुसऱ्या गावी राहायचे. नवराबायकोचं पटलं नव्हतं, पण माणूस वाईट नव्हता, त्याचं म्हणणं एवढंच की लेक अशी घरात कोंडून तिचं काय होणार.

पहिले कितीतरी शनिवार वेणी नुसती बसून राहिली. काकूंनी तिला कधी उठवलं नाही. क्रमांक गळ्यात घालायच्या, पाळी आली की तिच्या खुर्चीकडे बघून मान डोलवायच्या आणि पुढच्याला हाक मारायच्या. मग एका शनिवारी काकूंनी मान डोलवली आणि पोरगी उभी राहिली. शब्द साधाच होता. तिनं टेबलाकडे टक लावली, प्रत्येक अक्षर आधी आवाज न करता ओठात घोळवलं, मग ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हटलं. बरोबर होतं. मागच्या भिंतीशी तिची आई तोंडावर पदर धरून खोलीबाहेर गेली, आणि कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच सुटला म्हणून बरं, नाहीतर तिचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं असतं.

त्यानंतर वेणी चुकेचना. लांबलचक शब्द, उच्चार एक आणि अक्षरं भलतीच असले शब्द, पोरगी ओठात घोळवायची, थांबायची, म्हणायची. काकूंना कोण कौतुक. बाकीच्या मुलांना म्हणायच्या, "बघा, ती कशी आधी ओठात म्हणून बघते. घाई नाही. शिका जरा." घरी जाऊन घड्याळजींना तेच पुराण. घड्याळजी म्हणायचे, "तुझ्या त्या वेणीपुढे माझी घड्याळंसुद्धा मागे पडायला लागली."

आणि मग वडिलांनी गोष्ट निकरावर आणली. त्यांच्या बहिणीची, म्हणजे वेणीच्या आत्याची, वसतिगृहाची शाळा होती. नव्या वर्षापासून वेणीला तिथे घालायचं, असं त्यांच्या मनात होतं. वकिलापुढे बसून पुष्कळ बोलणं झालं, आणि शेवटी असं ठरलं की घरी शिकणाऱ्या मुलांची जी मोठी स्पर्धा होते, त्यात वेणी पहिल्या दहांत आली तर ती आईजवळ राहील, पुन्हा विषय निघणार नाही. नाही आली तर वसतिगृह. आई हे सांगायला काकूंच्या घरी आली तेव्हा तिच्या अंगात नवं बळ आलेलं होतं. म्हणाली, "दहांत काय, ती पहिली येईल. तुम्हीच सांगा काकू, येईल ना?"

"न यायला काय झालं," काकू म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

पुढच्याच शनिवारी काकूंची दाढ ठणकत होती. गाल टम्म सुजला होता. सराव बुडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून डोक्यावरून हनुवटीखाली रुमाल बांधून, उजव्या हातानं बर्फाची पिशवी गालाला लावून त्या बसल्या. तोंड अर्धं झाकलेलं, कपाळावर रुमाल उतरलेला. शब्द म्हणताना कळ यायची. मुलं हसली, मग सरावली. वेणीची पाळी आली. शब्द तिनं आधी तीनचारदा बिनचूक सांगितलेला. पोरगी उभी राहिली, ओठ हलवले, थांबली. टेबलाकडे बघितलं. पुन्हा ओठ हलवले. आणि तिसऱ्या अक्षराला चुकली. काकूंनी डाव्या हातानं घंटी वाजवली. दुसरा शब्द दिला, तोही गेला. तिसऱ्याला पोरगी नुसती उभी. वेणीचं टोक परत तोंडात.

कोणी म्हणालं दमली असेल, कोणी म्हणालं ताप असेल.

काकू घरी आल्या त्या घड्याळजींच्या समोर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "माझा चेहरा झाकलेला होता आणि तिला येईना."

घड्याळजींनी भिंग वर केलं. "मग?"

"म्हणजे ती आजवर माझ्याकडे बघून सांगत होती."

"त्यात नवल काय," घड्याळजी म्हणाले. "पत्ते खेळताना आपण किती वेळा हरलो ते आठव. हातात हुकूम आला की तुझ्या भुवया छताला लागतात. माझा भाऊ पत्ते बघायचाच नाही, तुझ्या भुवया बघायचा."

हे खरं होतं. काकूंना हसू यायला हवं होतं, आलं नाही. सूज उतरली, पुढच्या शनिवारी रुमाल नाही, पिशवी नाही, आणि वेणी पुन्हा बिनचूक. काकूंनी सहज म्हणून खुर्ची फिरवली, पाठ करून बसल्या आणि शब्द दिला. मागून आवाजच येईना. त्यांनी वळून बघितलं तर पोरगी त्यांच्या पाठीकडे बघत उभी होती, ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. आता शंकेला जागाच राहिली नाही. पोरगी ओठात अक्षर घोळवते, काकू ते वाचतात, बरोबर असलं की त्यांच्या भुवया आपोआप हलतात, आणि पोरगी तेच अक्षर उच्चारते. इतके दिवस ज्या गोष्टीचं कौतुक गावभर सांगितलं, ती ही होती. बोटं उघडमीट करणाऱ्या त्या बापाला त्यांनी जिन्यावरून घालवलं होतं. इथे तर त्यांचंच तोंड तेच काम करत होतं.

आरशापुढे उभं राहून त्यांनी तोंड दगडासारखं ठेवायचा सराव केला. घड्याळजी चुकून आत आले आणि "कोण गेलं?" म्हणून विचारून बाहेर गेले. शनिवारी काकू तसं तोंड करून बसल्या. तरी वेणीला सगळं आलं. म्हणजे भुवया ताब्यात राहत नाहीत, दुसरं काय. मग त्या पाठ करून शब्द देऊ लागल्या, पडद्याआडून देऊ लागल्या, जिन्यात उभं राहून देऊ लागल्या. जरा धीर धरायला वेळ असता तर कदाचित जमलं असतं. वेळच नव्हता. वेणी दर वेळी थोडी थोडी मिटत गेली. एका शनिवारी ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि वर आलीच नाही.

तेव्हा काकूंनी आईला बाजूला घेतलं, रिमच्या ढिगामागे, आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, आई हादरेल.

आई म्हणाली, "ती तुमच्याकडे बघते हे मला माहीत आहे, काकू."

"माहीत आहे?"

"ती बाहेरच्या जगात कोणाकडे तरी बघते, मला एवढंच पुष्कळ होतं." मग तिचा आवाज बदलला. "आता तिला पाठ नका दाखवू. हात जोडते. जे काय व्हायचं ते स्पर्धेत होऊ दे, पण तिला पुन्हा गप्प नका करू."

काकूंनी खुर्ची सरळ केली. उरलेले शनिवार पहिल्यासारखे गेले. वेणी बोलायला लागली, सगळं बरोबर सांगायला लागली, आणि प्रत्येक बरोबर अक्षराला काकूंच्या काळजात चर्र व्हायचं.

स्पर्धेचं सभागृह मोठं होतं, गार होतं, आणि तिथे कसलाच वास नव्हता. शब्द म्हणणाऱ्या बाई लांब टेबलामागे, मान खाली घालून वाचणाऱ्या. घंटीसुद्धा नव्हती. चुकलं की कुठल्यातरी यंत्रातून टुंग असा आवाज यायचा आणि एक मुलगी येऊन मुलाला हाताला धरून खाली न्यायची. मुलं तयार करणाऱ्यांना कुठेही बसायची मोकळीक होती. वेणीनं आत जाण्याआधी विचारलं, "काकू, तुम्ही समोर बसाल ना?"

काकू खरं तर मागे बसायचं ठरवून आल्या होत्या. घड्याळजींनी सकाळी कोट चढवताना एवढंच म्हटलं होतं, "पोरीचं आयुष्य आहे. तुझ्या भुवयांना एक दिवस सुट्टी दिलीस काय आणि कामाला लावल्यास काय, देव काही विचारायला येत नाही." त्यावर काकू त्यांच्याशी रस्ताभर बोलल्या नव्हत्या.

"बसते," त्या म्हणाल्या.

पहिल्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. पलीकडे वेणीची आई, तिच्या पलीकडे एक खुर्ची सोडून वडील. काकूंनी जेवणाच्या डब्याची भली मोठी पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्याखाली घालून ती घट्ट आवळून धरली. तोंड दगडासारखं केलं. आपण लबाडी करायची नाही, पोरीला येत असेल ते येईल, असं मनाशी घोकलं.

पहिल्या फेरीचा शब्द वेणीला इतका पाठ होता की तिनं तो एका दमात सांगितला. आईनं सोडलेला श्वास काकूंना ऐकू आला. मुलं एकेक करून टुंग होऊन खाली उतरत होती. दुसऱ्या फेरीत वेणी उभी राहिली आणि बाईंनी शब्द दिला, लेफ्टनंट.

काकूंना हायसं वाटलं. टायरच्या खोलीत हा शब्द इतक्यांदा झाला होता की खालच्या दुकानदारालाही आला असता.

"एल," वेणी म्हणाली. मग तिनं काकूंकडे बघितलं आणि ओठ हलवले. आय. काकूंना अगदी स्पष्ट दिसलं, आय. बरोबर होतं. तिला येत होतं. आता फक्त म्हणायचं होतं.

ती म्हणेना. काकूंकडे बघत राहिली आणि पुन्हा ओठांनी आय केलं.

काकूंच्या शेजारी ती आई बसली होती. काकूंना त्या क्षणी नियम आठवला, तो बाप आठवला, मागची भिंत आठवली, आणि त्या सगळ्याला लाथ मारून त्यांनी भुवया वर केल्या. चांगल्या कपाळात चढवल्या. खाली आणून पुन्हा चढवल्या. कोणी बघेल, हाकलून देईल, त्यांना कशाची पर्वा राहिली नाही. जन्मात न केलेली गोष्ट त्यांनी भर सभागृहात, पहिल्या रांगेत बसून केली, आणि मनात म्हणत राहिल्या, बघ गं, बघ, बरोबर आहे, म्हण.

वेणीची नजर त्यांच्या तोंडावर नव्हतीच. खाली कुठेतरी होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाईंनी वर बघून वेळेची आठवण दिली. वेणीनं वेणीचं टोक चाचपलं, ते आज अंबाड्यात बांधून टाकलं होतं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ई."

टुंग.

पुढे आरडाओरडा काही झाला नाही. वडील उठले, आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की घाई नाही, सामान सावकाशीनं बांधा. आईनं मान हलवली. माणूस न वाचता कागदावर सही करतो तशी. घड्याळजी मागून आले आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवायला लागले, पण काकू उठून बाहेर गेल्या.

वेणी बाहेरच्या कठड्याला टेकून उभी होती, गळ्यात क्रमांक तसाच. काकू तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुला येत होतं गं. मी बघितलं तुझ्या ओठांवर."

वेणी म्हणाली, "तुमचा हात दिसत नव्हता."

"हात?"

"घंटीवरचा." तिनं आपला तळवा उपडा करून कठड्यावर ठेवला. "अक्षर बरोबर असलं की तुमचा हात असा पडून असतो. चुकीचं असलं की उचलतो, थोडासाच. मग मी दुसरं म्हणते." तिनं तळवा किंचित उचलून दाखवला. काकूंचाच हात होता तो, हुबेहूब. "आज पिशवीखाली होता."

काकूंना दाढ आठवली, गालाला लावलेली बर्फाची पिशवी आठवली. वेणीकडे फिरवलेली आपली पाठ आठवली.

"अगं, मला ठाऊकच नव्हतं," त्या म्हणाल्या.

वेणीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण मोठ्या माणसाला खोटं पाडू नये एवढं तिला कळत होतं. आतून आई तिला शोधत येत होती.

"मला वाटायचं तुम्ही मुद्दाम सांगता," ती म्हणाली. "म्हणून आज वाटलं, तुम्हाला सांगायचं नाहीये."

मग तिनं गळ्यातला क्रमांक काढला, सुतळी नीट गुंडाळली, सरावाला शिकवलं होतं तशी, आणि काकूंच्या हातात दिली. आईच्या मागून ती पायऱ्या उतरून गेली. जाताना तिनं वळून बघितलं नाही. नव्या वर्षी वसतिगृहातून आत्याचा निरोप आला, पोरगी शहाणी आहे, कोणाला त्रास देत नाही, फक्त बोलत नाही.